पोराची उंची आईवर गेली की ताटावर?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगा ११ वर्षांचा, उंची १३२ सेंटीमीटर, वजन २६ किलो. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. बाबा १६०, तुम्ही १४८. सासूबाईंचं म्हणणं, "पोरगं आईवर गेलंय, आता काय वाढंना." नवऱ्याला त्याला तालमीत घालायचंय, पण शेजारचे म्हणतात व्यायामानं उंची खुंटते. कुणीतरी थुंकीचा नमुना पाठवून करायची जेनेटिक टेस्ट सुचवलीय, आणि मेडिकलवाल्यानं उंची वाढवायच्या पावडरचा डबा दाखवलाय. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलची खूण करता: आठव्या वर्षी ११६.५, नवव्या १२१.५, दहाव्या १२६.५ आणि आता १३२.

तुम्हाला ते शेवटचं वाक्य किरकोळ वाटलं असेल. मला सगळ्या प्रश्नात तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. मी कोल्हापुरात २४ वर्षं मुलं तपासतोय आणि उंचीची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ घरांत जुनी मापं नसतात. "रोडावलाय", "थांबलाय", "गेल्या वर्षीची चड्डी अजून होतीय" एवढंच असतं. एकदा मोजलेली उंची म्हणजे धावत्या एसटीचा फोटो. गाडी कुठं आहे ते कळतं, चालू आहे की बंद पडलीय ते कळत नाही. तुमच्याकडं तीन वर्षांचा वेग आहे: ५, ५ आणि ५.५ सेंटीमीटर.

मूल जन्मतं साधारण ५० सेंटीमीटरचं. पहिल्या वर्षात २५ वाढतं, दुसऱ्यात दहा-बारा, आणि मग वयात येईपर्यंत वर्षाला पाच ते सहा, कधी सात. म्हणजे तुमचा मुलगा बुटका असेल, पण थांबलेला नाही. चार वर्षांनंतर आणि वयात यायच्या आधी वर्षाला साडेचार-पाचच्या खाली वेग दिसला की मी सावध होतो, चारच्या खाली गेला तर तपासण्या लिहून देतो. अर्थात चौकटीवरच्या मापात एखाद्या सेंटीमीटरची चूक धरायलाच हवी. माणूस सकाळी उंच आणि संध्याकाळी थोडा आखूड असतो, दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात. वाढदिवसाची खूण केक कापल्यावर रात्री नऊला केली असेल तर तेवढा फरक सहज पडतो. म्हणून एका वर्षाचा आकडा बघून रडायचं नाही आणि हसायचंही नाही.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आम्ही इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतो. ते भारतीय मुलांच्या मापांवरून केलेले आहेत. त्यात तुमचा मुलगा मधल्या रेषेच्या बराच खाली, पण सगळ्यात खालच्या रेषेच्या वर बसतो. आता दोघांच्या उंचीचा हिशेब करा. मुलगा असेल तर आई-बाबांच्या बेरजेत १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे, मुलगी असेल तर १३ वजा करून निम्मे. १६० अधिक १४८ अधिक १३, निम्मे झाले १६०.५. या आकड्याच्या आठेक सेंटीमीटर खाली-वर मुलाची शेवटची उंची पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे साधारण १५२ ते १६९. पट्टा मोठा आहे, मला मान्य आहे. पण मुलगा आज त्या हिशेबानं जिथं असायला हवा तिथंच आहे, झाला तर थोडा वरच.

आता सासूबाईंच्या वाक्याकडं येतो, कारण खरा प्रश्न तिथं आहे. त्या हिशेबात आईचा वाटा बाबांइतकाच आहे. १३ चा आकडा फक्त पुरुष आणि बाईच्या सरासरी उंचीतला फरक भरून काढायला आहे. "आईवर गेला" असं उंचीचं होत नाही. शाळेत आपण मेंडेलचे वाटाणे शिकलो. १८६६ साली त्यानं जे छापलं त्यात उंच झाड आणि खुजं झाड असा सरळ फरक होता, एका जनुकाचा. तो धडा डोक्यात इतका पक्का बसलाय की माणसाची उंचीही तशीच, एका बाजूनं सगळी येते, असं वाटतं. माणसाचं तसं नाही. २०२२ साली ५४ लाख लोकांच्या डीएनएचा एकत्र अभ्यास झाला, त्यात उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. त्यातली प्रत्येक जागा मिलीमीटरभर, त्याहूनही कमी, इकडं किंवा तिकडं ढकलते. पत्त्यांसारखं समजा: निम्मी पानं आईकडून, निम्मी बाबांकडून, आणि पिसून वाटलेली. म्हणून तर सख्ख्या दोन भावांत पाच-सहा सेंटीमीटरचा फरक सहज दिसतो.

त्या टेस्टचंही इथंच सांगून टाकतो. एवढ्या १२ हजार जागा हाताशी असूनही युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतला ४० टक्के फरकच समजावून सांगता आला, इतर वंशांच्या लोकांत १० ते २० टक्के. आपण त्या "इतरां"त येतो. थुंकीच्या नमुन्यावरून रंगीत छापलेला अहवाल येईल, पण तुमच्या मुलाची उंची सांगायला तो वर केलेल्या फुकटच्या बेरजेपुढं काही जास्त कामाचा नाही. जेनेटिक तपासणी मीही सांगतो, पण विशिष्ट शंका असली की. त्याबद्दल पुढं.

तर मग उंची किती टक्के जनुकांची? पुस्तकात उत्तर सापडतं: सुमारे ८० टक्के. हा आकडा खरा आहे आणि बहुतेक सगळे तो चुकीचा वाचतात. मी आमच्या ऊसवाल्या पालकांना असं सांगतो. ८६०३२ या उसाच्या जातीचं एकच बेणं घ्या. अर्धं पंचगंगेकाठच्या मळीच्या जमिनीत लावा, अर्धं मुरमाड माळावर. बेणं एकच, कांड्याला कांडं सारखं, जनुकं तीच. तरी उसात माणूसभर फरक पडणार, आणि तो सगळा माती-पाण्याचा. आता उलटं करा. एकाच मळीत, एकाच पाण्यावर चार वेगळ्या जाती लावा. आता जो फरक दिसेल तो जातीचा. ८० टक्के हा आकडा अशा दुसऱ्या शेतातला आहे, जिथं सगळ्यांना पोटभर मिळतंय. जिथं काहींना मिळतंय आणि काहींना नाही, तिथं तो उतरतो. तुमच्या मुलाच्या १३२ पैकी इतके सेंटीमीटर जनुकांचे आणि इतके दुधाचे, असा त्याचा अर्थ होतच नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा देशांच्या उंचीत आहे. आज जगात सगळ्यात उंच म्हणवणारे डच लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातल्या बुटक्यांत मोडायचे. दीडशे वर्षांत सरासरी २० सेंटीमीटर वाढले. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत तेवढ्याच वाढल्या. चार-सहा पिढ्यांत कुठल्या देशाची जनुकं एवढी बदलत नाहीत. बदललं ते ताट, पाणी आणि लहानपणीची आजारपणं.

आणि म्हणूनच, ताई, तुमच्या १४८ कडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. तुम्ही लिहिलंय की माहेर जत तालुक्यातलं, कोरडवाहू, आणि तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला भाऊ १७१ आहे. बाई-पुरुषाचा फरक काढला तरी तो तुमच्याहून दहा सेंटीमीटर उंच भरतो. एका भावावरून सिद्धांत मांडायचा नसतो, नुसत्या योगायोगानंही एवढं होऊ शकतं. पण मधल्या दहा वर्षांत विहिरीला पाणी लागलं, घरात म्हैस आली, हेही तुम्हीच लिहिलंय. घरात मुलीच्या ताटात काय पडायचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. सांगायचं एवढंच की तुमची उंची ही तुमच्या जनुकांची पूर्ण मोजणी असेलच असं नाही. त्यात जतच्या कोरड्या वर्षांचाही हिस्सा असू शकतो, आणि तो हिस्सा मुलाला वारशात जात नाही. असं असेल तर १६०.५ हा आकडा त्याच्यासाठी थोडा कमीच धरलाय असं समजा. आमच्याकडं आई-बापापेक्षा डोकंभर उंच झालेली पोरं रोज येतात, ती याच कारणानं.

इथं एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एक आठ वर्षांची मुलगी आली होती. आई बुटकी, आजी बुटकी. मी चार्टवर ठिपका दिला आणि म्हणालो, "घराणंच बुटकं आहे, काळजी नको." दीड वर्षानं ती परत आली ती पांढरीफटक पडून, पोट फुगलेलं. दीड वर्षात वाढ तीन सेंटीमीटर. तपासणीत सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याचं अस्तर झिजून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. चपाती बंद केली, ज्वारी-तांदळाची भाकरी सुरू केली, आणि पुढच्या वर्षभरात ती नऊ सेंटीमीटर वाढली. दीड वर्ष मी फुकट घालवलं, कारण आई-आजीकडं बघून मी मुलीकडं बघायचं सोडलं. तेव्हापासून "घराणं" हा शब्द मी निदान म्हणून वापरत नाही. घराण्यातून आजारही येतात: हाडांच्या वाढीतले काही दोष बापाकडून पोरीकडं जसेच्या तसे उतरतात आणि तीन पिढ्या "आमच्यात असंच असतं" म्हणून चालून जातं. अशा ठिकाणी, किंवा हात-पाय धडाच्या मानानं आखूड दिसले तर, जेनेटिक तपासणीला अर्थ आहे. कारण न सापडलेल्या बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोमसाठी (यात मुलीचं एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं) गुणसूत्रांची तपासणी मी करतोच. दोन-अडीच हजार मुलींत एकीला तो असतो आणि कित्येकदा बुटकेपणा हीच एकटी खूण असते.

तुमच्या मुलाचं काय करायचं? एकदा नीट तपासून घ्या, घाबरून नाही, नोंद म्हणून. रक्ताचं प्रमाण, थायरॉइड, किडनीचं काम, सिलिअ‍ॅकची चाचणी, आणि डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे. एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. मला तुमच्या नवऱ्याचं एक वाक्य फार आवडलं: "बारावीनंतर माझ्या सगळ्या पँटी आखूड झाल्या होत्या." मिसरूडही त्यांना उशिरा फुटलं असेल तर मुलगाही उशिरा फुलणाऱ्यांतला असू शकतो. अशा मुलांचं हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा दीड-दोन वर्षांनी मागं असतं. आठवी-नववीत ती मागं पडलेली दिसतात, सगळी पोरं सपासप वाढत असतात आणि हे तिथंच. मग दोन वर्षांनी यांची पाळी येते. मुलगे वयात येताना एकूण २५ ते ३० सेंटीमीटर वाढतात, ऐन भरात वर्षाला नऊ-दहासुद्धा. माझ्या ड्रॉवरमध्ये वाढत्या आकाराच्या मण्यांची एक माळ असते, वयात यायला सुरुवात झाली का हे वृषणांच्या आकाराशी ताडून बघायला. पोरं लाजतात, बापही जरा इकडं-तिकडं बघतात, पण मिनिटाभराच्या त्या तपासणीतून जे कळतं ते कुठल्या पावडरच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

याची उलट बाजूही सांगतो. आठच्या आत मुलगी किंवा नऊच्या आत मुलगा वयात येऊ लागला तर घरचे खूश असतात, पोर उंच दिसतं म्हणून. पण त्याच्या हाडांची टोकं लवकर जुळतात आणि शेवटची उंची कमी राहते. वर्गात अचानक सगळ्यात उंच झालेलं लहान मूलही दाखवून घ्यावं.

आता ताट. तुम्ही दिवसाचं खाणं लिहिलंय: सकाळी चहा-खारी, डब्यात चपाती-बटाटा, संध्याकाळी वडापाव नाहीतर नूडल्स, रात्री आमटी-भात, बुधवार-रविवार मटण. बघायला भरपूर वाटतं. मोजलं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रोटीन जवळजवळ नाहीच. मटणाचं म्हणाल तर कोल्हापुरात लहान पोरं मटण खात नाहीत, रस्सा ओरपतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात चव, तेल आणि खोबरं असतं, प्रोटीन फोडीत असतं, आणि फोडी बहुतेक वेळा बाबांच्या ताटात असतात.

१० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३२ ग्रॅम प्रोटीन पुरतं. दीड ग्लास म्हशीचं दूध म्हणजे दहा-अकरा ग्रॅम, एक अंडं सहा, मूठभर शेंगदाणे सात, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ पाच-सहा, दोन भाकऱ्या दहा. झालं, वरच उरलं. चहा-खारीच्या जागी दूध आणि अंडं, डब्यात बटाट्याऐवजी मटकी, संध्याकाळी वडापावच्या आधी शेंगदाणा-गूळ. एवढा बदल मी लिहून देतो आणि पावडरचा डबा तिथंच ठेवायला सांगतो. त्या डब्यात बहुतेक साखर आणि दूध पावडरच असते. आणखी एक गोष्ट: नुसतं प्रोटीन वाढवून भात-भाकरी कमी केली तर उपयोग नाही. पोट रिकामं असलं की शरीर प्रोटीन बांधकामाला न वापरता सरपण म्हणून जाळतं. हडकुळ्या पोराला आधी पोटभर लागतं. जेवणावर चहाही नको, लोह अंगी लागत नाही.

दूध मात्र उकळून. गंगावेशीतल्या कट्ट्यावर रात्री समोर धार काढून मिळणाऱ्या फेसाळ दुधाचं मलाही कौतुक आहे, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून येणारा तापाचा आजार, आणि टीबी येऊ शकतो. प्रोटीन आणि कॅल्शियम उकळून उडून जात नाही. पैलवानांची तालीम त्या दुधावर झाली हे खरं, पण ताप आलेले पैलवानही मी बघितलेत.

खाण्यानं किती फरक पडेल? हे वयावर आणि आत्तापर्यंत किती उणीव होती यावर अवलंबून आहे. सगळ्यात मोठा परिणाम गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांत होतो, ते तर गेले. देशात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, त्यातलं बरंचसं नुकसान या हजार दिवसांतलं. पण तुमच्या मुलाची वयात येतानाची मोठी वाढ अजून व्हायची आहे, आणि त्या दोन-तीन वर्षांत ताट कमी पडू नये एवढं आपल्या हातात आहे. जे खाणं आधीच पुरेसं आहे, त्यावर दुप्पट खाऊन मूल उंच होत नाही, जाड होतं. आणि हाडांची टोकं जुळल्यावर काहीही करून उपयोग नाही. तोड आलेल्या उसाला युरिया टाकून पेरं वाढत नाही.

तालमीत खुशाल घाला. जोर-बैठका, मातीतली लढत यांनी उंची खुंटते याला आधार नाही. पैलवान ठेंगणे दिसतात ते बरेचदा ठेंगण्या, भरीव अंगाच्या पोरांना कुस्ती चांगली जमते म्हणून. बास्केटबॉल खेळून उंच होत नाहीत तसंच हे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात असताना कोल्हापूरनं त्यांना पाहिलंय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक त्यांनी बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात जिंकलं. माझी अट एकच: गट मिळवायला वजन तोडणं नको. स्पर्धेच्या आधी दोन दिवस उपाशी राहणं, पाणी बंद करणं, जाकीट घालून पळणं, हे वाढत्या पोराला परवडत नाही. वस्तादांशी हे आधीच बोलून घ्या. बहुतेक वस्ताद समजूतदार असतात, घाई पालकांनाच असते.

ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. हॉर्मोनची खरी कमतरता, टर्नर सिंड्रोम अशा ठरावीक आजारांत त्याचा चांगला उपयोग होतो. निरोगी, फक्त बुटक्या मुलात वर्षानुवर्षं रोज टोचून सरासरी चार-पाच सेंटीमीटर हाती लागतात, आणि खर्च मोठा. तुमच्या मुलाचा वेग बघता मी त्या वाटेला जाणार नाही.

तर थोडक्यात असं: तपासण्या एकदा, एक्स-रे एकदा, ताटात वरचे बदल, तालीम चालू. सहा महिन्यांनी सकाळी, बूट काढून, टाचा-ढुंगण-पाठ भिंतीला टेकवून आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पुन्हा खूण करा. सहा महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या खाली भरलं, चार्टवर तो खालची रेषा ओलांडून उतरला, किंवा डोकेदुखी, नजर कमी होणं, सतत पोट बिघडणं असं काही सुरू झालं, तर थांबू नका, जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडं जा. बाबांच्या कॉलेजातला एखादा फोटो सापडला तर तोही घेऊन जा, कामाला येतो.

आणि दिवाळीला घराला रंग काढणार असाल तर रंगारी यायच्या आधी त्या चौकटीचा फोटो काढून ठेवा. बाजूला मोजपट्टी धरून, आणि सगळ्या तारखा वाचता येतील असा.